केनियात सहा आठवडे, एक लाख ऐंशी हजार रुपये: पाठवू का लेकीला?

सुलभा_के
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

लेक मायक्रोबायॉलॉजी घेऊन बीएस्सी झाली, वय २२. एमएस्सीला अजून अवकाश आहे. मधल्या काळात तिला पश्चिम केनियात, होमा बे भागात जायचंय. एड्सने आईवडील गेलेल्या मुलांच्या वसतिगृहात सहा आठवडे स्वयंसेवक म्हणून काम. एका परदेशी कंपनीचा कार्यक्रम आहे. फी १ लाख ८० हजार, विमानाचं वेगळं. त्यात राहणं, जेवण आणि शेवटी तीन दिवस मसाई मारा. अनुभवाची अट नाही.

यजमान म्हणतात, तेवढ्यात एमएस्सीचं एक वर्ष निघेल. सासूबाई म्हणतात, "तिकडं तो आजार आहे ना, मग पोरीला कशाला घालवता?" आजार कसा होतो आणि कसा होत नाही हे मला कळतं, ती भीती नाही. माझं वेगळंच आहे. माहितीपत्रकात छोटी छोटी मुलं परदेशी पोरींच्या गळ्यात पडलेली दाखवलीत. ते फोटो बघून मला कसंतरीच झालं. का ते नीट सांगता येत नाही.

कुणी असं जाऊन आलंय का? मोकळेपणाने लिहा, पण लेकही वाचणार आहे हे ध्यानात ठेवून.

घाटी_इन_गोरेगाव
पहिला! वाचतोय.
अनुभव मलाही नाही. मला घेतील का? फक्त शेवटचे तीन दिवस आलो तरी चालेल.

खडूस_पेणकर
आपल्याकडे काय कमी आहे म्हणून केनिया? महाराष्ट्रात एचआयव्हीसह जगणारी सुमारे ४ लाख माणसं आहेत. पंढरपूरला 'पालवी' आहे, लातूरजवळ हासेगावला 'सेवालय' आहे, नगरला 'स्नेहालय' आहे. एसटीचं तिकीट काढा आणि जा. हां, तिथं खिडकीतून जिराफ दिसणार नाही.

मिसळपाव_जास्त_तर्री
पेणकर, हा युक्तिवाद प्रत्येक धाग्यावर येतो. अमेरिकेत शिकायला जायचं म्हटलं की कुणी 'आपल्याकडे काय कमी आहे' म्हणत नाही. सेवा करायला निघालं की लगेच स्वदेशी आठवतं.

खडूस_पेणकर
शिकायला जाणारा शिकायला जातो म्हणून सांगतो. हे शिकायला जातात आणि सेवा केली म्हणून सांगतात. असो, धागाकर्तीला उत्तर द्या, माझ्यावर घसरू नका.

नैरोबीकर
सुलभाताई, एकोणीस वर्षं नैरोबीत आहे. धंद्यानिमित्त किसुमू, होमा बे, सियाया या बाजूला दोन महिन्यांतून एकदा तरी जाणं होतं. थोडं सविस्तर लिहितो.

तो भाग व्हिक्टोरिया सरोवराच्या काठचा, लुओ लोकांचा. २०१८च्या राष्ट्रीय पाहणीत केनियातल्या प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण ४.९ टक्के होतं. होमा बेमध्ये जवळपास २० टक्के. म्हणजे पाचात एक. कारणं एकात एक अडकलेली आहेत. एकच सांगतो. सरोवरात मासेमारी पुरुष करतात आणि काठावर मासे विकतात बायका. मासळी कमी झाली तशी बोटवाल्याशी 'संबंध' ठेवेल तिलाच मासे, अशी रीत पडली. तिला तिथं 'जाबोया' म्हणतात. बाईला मासे नको म्हणायची सोय नाही, कारण घरी पोरं.

किसुमूजवळ न्दुरू नावाचा किनारा आहे. तिथल्या बायकांनी २०११च्या सुमारास ठरवलं की बोटी आपल्याच असल्या पाहिजेत. मग पुरुष नोकरीला ठेवायचे, हुकूम आपला. बोटींसाठी मदत मिळवून देताना अमेरिकेच्या पीस कोअरच्या स्वयंसेवकांचा हात होता. म्हणजे बाहेरून आलेल्याचा उपयोग होत नाही असं मी म्हणणार नाही. पण बघा, कल्पना बायकांची होती, आणि पीस कोअरवाले दोन-दोन वर्षं राहायला येतात. पुढे काही बोटी कुजल्या, २०२०च्या पुरात वस्तीच पाण्याखाली गेली. तरी काठावरच्या बाईने बोटीची मालकीण होऊन दाखवलं, ते लोक विसरलेले नाहीत.

आता वसतिगृहाचं. केनिया सरकारने २०१७ मध्येच नवीन खासगी बालगृहांची नोंदणी थांबवली. २०२२ पासूनचं दहा वर्षांचं धोरणच असं आहे की मुलांना संस्थांतून काढून नातेवाइकांकडे, कुटुंबात न्यायचं. तुमच्या कंपनीला एवढंच विचारा: ही मुलं कुणाची, आणि त्यांचं कुणीच नाही का?

शिवाय पर्यटक म्हणून येऊन काम करता येत नाही, बिनपगारी असलं तरी. परवाना लागतो. तो कोण काढणार, तेही विचारा.

शेवंती
नैरोबीकर, किती छान लिहिलंय. अवांतर: तिकडे भाकरी मिळते का हो?

नैरोबीकर
@शेवंती, भाकरी नाही, पण उगाली मिळते. मक्याच्या पिठाची घट्ट उकड समजा, हाताने तोडून खायची. सोबत सुकुमा विकी, म्हणजे पालेभाजी, नाहीतर ओमेना, म्हणजे आपल्या सुकटीची बहीण. आणि चपाती आपल्याच लोकांनी नेली. आता तिथं सणासुदीला चपाती नसेल तर सण वाटत नाही. नावही 'चपाती'च.

घाटी_इन_गोरेगाव
ओमेना + उगाली. ठरलं, सहाही आठवडे येतो.

अनुज्ञा९३
मी गेले होते. केनिया नाही, टांझानियात मोशीला, किलिमांजारोच्या पायथ्याशी. २०१५, चार आठवडे. आजवर कुणाला खरं सांगितलेलं नाही, इथे टोपणनाव आहे म्हणून लिहिते.

पहिल्या दिवशी मी फाटकातून आत पाय टाकला तशी सात-आठ मुलं धावत आली आणि बिलगली. मला रडू आलं. वाटलं, जन्माचं सार्थक झालं. तिसऱ्या आठवड्यात एक नवी मुलगी आली, स्पेनची. मुलं तशीच धावली, तशीच बिलगली. तीच चार वर्षांची पोर, जी रोज माझ्या मांडीवर झोपायची, ती तिच्या मांडीवर. निघताना मी तिचा निरोप घ्यायला गेले तर ती माझ्याकडे बघेना. तेव्हा मला राग आला होता. पोरीचा राग! आता लाज वाटते. ओळख नसलेल्या माणसाच्या गळ्यात कुठलं धडधाकट मूल पडतं? माझ्या भाचीला मी दोन महिन्यांनी भेटले तर ती आईच्या मागे लपते.

सुलभाताई, तुम्हाला फोटो बघून जे झालं ना, ते हे.

भिंतही रंगवली आम्ही. पिवळी. खालचा रंग निळा होता, त्याच्या खालचा हिरवा.

सुलभा_के
अनुज्ञा, धन्यवाद. दोनदा वाचलं. लेकीलाही वाचायला दिलं, ती काही बोलली नाही.

मिसळपाव_जास्त_तर्री
अनुज्ञा +१. यावर लिहिलं गेलंय. दक्षिण आफ्रिकेतल्या लिंडा रिश्टर आणि अ‍ॅमी नॉर्मन यांनी २०१० मध्ये 'एड्स-अनाथ पर्यटन' असाच शब्द वापरून लेख लिहिला होता. सारखी माणसं जोडली जाणं आणि सुटणं लहान मुलांना कसं बाधतं, हाच त्यांचा मुद्दा.

डॉ_अवलिया
अनाथ या शब्दाबद्दल. संयुक्त राष्ट्रांच्या मोजणीत आई *किंवा* वडील गेलेलं मूलही अनाथ धरतात. त्यामुळे 'एड्सने अनाथ केलेली इतकी लाख मुलं' हा आकडा वाचला की डोळ्यांसमोर रस्त्यावरची पोरं येतात, प्रत्यक्षात बरीचशी आईजवळ असतात, नाहीतर आजीजवळ.

मी २००९ मध्ये नऊ महिने एमएसएफ या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय सेवासंस्थेबरोबर मलावीत होतो, चिराडझुलू जिल्ह्यात. अगदी ग्रामीण. (एमएसएफ तुमच्याकडून पैसे घेत नाही, उलट मानधन देते. पण अनुभव मागते. पैसे मागणारे अनुभव मागत नाहीत, हे एक ओळखचिन्ह समजा.) एमडी मेडिसिन होऊन गेलो होतो, छाती फुगलेली. तिथं ओपीडी क्लिनिकल ऑफिसर (डॉक्टर नसलेले, पण तपासून औषध देणारे) आणि नर्स चालवत होत्या. डॉक्टर त्या देशात मुळातच मूठभर. पहिल्या आठवड्यात माझ्यासमोर एक बाई आली, वजन घटतंय, खोकला. मी तपासण्या लिहायला लागलो. नर्सने तिच्याशी तिथल्या चिचेवा भाषेत चार वाक्यं बोलून मला सांगितलं, "ही गोळ्या सोडून बसलीय. गोळी घेतली की भूक लागते म्हणते, आणि घरात मका संपलाय." माझ्या एमडीत हे निदान नव्हतं.

तिथल्या कुपोषित मुलांसाठी चिपोंडे नावाची लापशीसारखी पेस्ट असते. शेंगदाणे, दूध पावडर, साखर, तेल, जीवनसत्त्वं. मी चाखून म्हणालो, हा तर आपला दाण्याचा लाडू, पातळ झालेला.

मलावीने २०११ मध्ये एक गोष्ट जगाच्या आधी केली: गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई पॉझिटिव्ह निघाली की तिला त्याच वेळी जन्मभरासाठी औषध सुरू. सीडी फोर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकाराच्या पेशी, मोजायची वाट बघायची नाही, कारण खेड्यात मोजायचं यंत्रच नव्हतं. ही युक्ती अडचणीतून निघाली, आणि नंतर बाकीच्या जगाने उचलली. आपण शिकवायला जातो म्हणतो तेव्हा हे आठवावं.

न्हावाशेवा
डॉक्टरसाहेब, त्या गोळ्या कुठून आल्या तेही सांगा की. मी बंदरात क्लिअरिंगच्या कामात तीस वर्षं काढली. मोंबासा, दार-ए-सलाम, बैरा अशा शिक्क्यांचे औषधांचे खोके कितीतरी पाहिले.

२००० साली या औषधांचा एका माणसाचा वर्षाचा खर्च १०-१५ हजार डॉलर होता. २००१ मध्ये आपल्या मुंबईच्या सिप्लाच्या युसूफ हमीद यांनी एमएसएफला ३५० डॉलर सांगितले. दिवसाला एका डॉलरच्या आत. तीन औषधं एका गोळीत, सकाळ-संध्याकाळ. तिकडं तिन्ही औषधांची पेटंटं वेगवेगळ्या कंपन्यांकडे, म्हणून एकत्र करायला कुणी धजेना. आपल्याकडे १९७०च्या कायद्यामुळे तेव्हा औषधाच्या रेणूवर पेटंट नव्हतं, फक्त बनवायच्या पद्धतीवर. तेवढ्या फटीतून जगाचं औषध बाहेर पडलं. आता डोल्युटेग्राविरवाली जी एक गोळी रोज घेतात, तिचा भाव २०१७ मध्ये वर्षाला ७५ डॉलर ठरला. लागण टाळायचं नवं इंजेक्शन आलंय लेनाकापाविर, सहा महिन्यांतून एकदा. दक्षिण आफ्रिका आणि युगांडात तरुण मुलींवर चाचणी झाली, इंजेक्शन घेतलेल्या २,१३४ जणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. तेही २०२७ पासून हैदराबादच्या कंपन्या वर्षाला ४० डॉलरला देणार म्हणतात.

पोरीला सांगा, आफ्रिकेची सेवा करायला कुरकुंभ, हैदराबादला औषध कारखान्यात नोकरी धरली तरी चालेल. पगारही मिळेल. :)

कृष्णाकाठ
धागा आत्ता दिसला. मी सांगली जिल्ह्यात एका सरकारी एआरटी केंद्रावर (एचआयव्हीच्या गोळ्या देतात तिथं) समुपदेशक होते, २००६ ते २०२१. आपल्याकडे सरकारी मोफत औषध एप्रिल २००४ ला सुरू झालं, म्हणजे मी तशी सुरुवातीचीच.

पहिली दोन वर्षं मला काही येत नव्हतं. भाषा येत होती, गाव माहीत होतं, जात-नातं सगळं कळत होतं, तरी येत नव्हतं. एक बाई होती. दर महिन्याला यायची, "घेते की गोळ्या" म्हणायची, आणि डबा मोजला की निम्म्या शिल्लक. रागावून झालं, समजावून झालं. सहा महिन्यांनी बोलली. मी तिच्या कार्डावर रात्री आठची वेळ लिहिली होती. सासू दहाला झोपायची. सासूसमोर डबा काढायची सोय नव्हती. दहाची वेळ लिहून दिली, प्रश्न मिटला. सहा महिने! मधे तिचं काही बरंवाईट झालं असतं तर माझ्या आठच्या आकड्यामुळे झालं असतं.

मिरजेच्या बायका गोळ्यांना कोल्हापूरला जायच्या, कोल्हापूरच्या मिरजेला. ओळखीचं कुणी दिसू नये म्हणून. एसटीत एकमेकींच्या समोरून जात असतील. लुओ लोकांत पूर्वी हा आजार 'चिरा' म्हणजे रीत मोडल्याचा शाप समजायचे असं मी एका प्रशिक्षणात ऐकलं होतं. आमच्याकडे करणी म्हणायचे. नाव वेगळं, घराबाहेरची वेगळी ताटली तीच.

आणि डॉक्टरसाहेब, २००९ म्हणजे तुमच्याकडेही पायांची आग होतीच ना?

डॉ_अवलिया
@कृष्णाकाठ, होती! स्टॅव्हुडिन, तेव्हाच्या गोळ्यांतलं एक औषध. पाय भाजल्यासारखे होतात म्हणून लोक ओल्या मातीत उभे राहायचे. गाल बसायचे, आणि गालांवरूनच गावाला कळायचं. मी तिथं असतानाच, वर्षअखेरीस, जागतिक आरोग्य संघटनेने ते औषध हळूहळू बंद करा म्हणून सांगितलं. तुमच्याकडे काय करायचे?

कृष्णाकाठ
गार पाण्याची बादली. आणि गाल बसले की दात काढले म्हणून सांगायचं. आमची एक आजी सगळ्यांना तेच शिकवायची.

शेवंती
हे वाचून अंगावर काटा आला. सांगली आणि मलावी.

तीच_ती_मुलगी
नमस्कार. मीच ती. आई म्हणाली होती मी वाचेन, वाचलं सगळं. आता माझं.

एक. मला मसाई मारा नको आहे, ते पॅकेजमध्ये आहे म्हणून आहे. घाटीकाका, तुम्ही जा.

दोन. बावीस वर्षांच्या मुलीला काही येत नाही हे मान्य. पण अनुभव नाही म्हणून जायचं नाही, आणि गेल्याशिवाय अनुभव नाही. मग सुरुवात कुठून करायची? डॉक्टरकाका एमडी होऊन गेले आणि तरी पहिल्या आठवड्यात चुकले. कृष्णाकाठ मावशींना दोन वर्षं लागली, पण त्यांना त्या दोन वर्षांत कुणी घरी बसा म्हणालं नाही.

तीन. पेणकरकाका, पंढरपूरला तुम्ही स्वतः कधी गेला आहात? विठोबा सोडून.

चार. अनुज्ञाताईंचं वाचल्यावर वसतिगृह माझ्यापुरतं संपलं. फक्त तेवढंच संपलं.

खडूस_पेणकर
नाही गेलो. दर वर्षी चेक पाठवतो. पण प्रश्न बरोबर आहे, पोरी. लागलं मला.

घाटी_इन_गोरेगाव
आज पहिल्यांदा पेणकरांना कुणीतरी गप्प केलं. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

डॉ_अवलिया
@तीच_ती_मुलगी, तुझं बरोबर आहे. चुकण्याचा हक्क आम्हाला मिळाला. फरक एवढाच की चुकलो तेव्हा शेजारी ती नर्स होती, आणि कृष्णाकाठ दुसऱ्या महिन्यातही त्याच खुर्चीत होत्या. तुझ्या सहा आठवड्यांत तुझी चूक तुला कळायच्या आधी तुझं विमान सुटेल.

मायक्रोबायॉलॉजी आहे ना? मग ऐक. आज या आजारात सगळ्यात मोठा प्रश्न असतो की औषध काम करतंय का, म्हणजे व्हायरल लोड, रक्तात विषाणू किती उरलाय ते. खेड्यातल्या दवाखान्यात रक्ताचे थेंब कागदावर वाळवायचे, मोटारसायकलवरून मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायचे, आणि निकाल त्याच माणसापर्यंत परत पोचवायचा. साखळी बहुतेक वेळा शेवटच्या टप्प्यात तुटते. हे काम आधी आपल्याकडे एखाद्या प्रयोगशाळेत बघ, एमएस्सी कर, मग संशोधन संस्थेमार्फत रीतसर जा. किसुमूला केम्री या केनियाच्या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचं मोठं केंद्र आहे. चार वर्षं जातील. होमा बे तिथंच असेल.

नैरोबीकर
डॉक्टरांशी सहमत, पण ते 'तिथंच असेल'वर थोडं लिहायला हवं.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने मदत गोठवली. २००३ पासून त्या भागातला एचआयव्हीचा बराच कारभार त्या पैशावर चालायचा. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंची धाकटी बहीण सियायात 'मेंटॉर मदर' होती. स्वतः पॉझिटिव्ह, दोन्ही पोरं निगेटिव्ह, आणि काम हेच की नव्या गरोदर बाईजवळ बसायचं आणि 'माझ्याकडे बघ' म्हणायचं. तिला एका दिवसात घरी पाठवलं. एचआयव्हीची वेगळी खोली बंद होऊन सगळे पेशंट साध्या ओपीडीच्या रांगेत आले. गोळ्या मिळतात, पण त्या रांगेत गावातला शेजारी उभा असतो. कृष्णाकाठ, तुमची मिरज-कोल्हापूरची एसटी मला त्यामुळेच आठवत राहिली.

ती बहीण अजूनही बायकांकडे जाते. बिनपगारी. तिला कुणी स्वयंसेवक म्हणत नाही.

१ लाख ८० हजार रुपये म्हणजे अडीच लाख शिलिंगांच्या आसपास. तिचे किती महिन्यांचे पैसे झाले असते याचा हिशेब मी तिच्यासमोर करायला धजावलो नाही.

मिसळपाव_जास्त_तर्री
मग पैसेच पाठवावेत का सरळ? धागाकर्तीचा प्रश्न जायचा की नाही होता, पण...

न्हावाशेवा
पैसे पाठवणंही सोपं नाही हो. कुणाला पाठवणार, पावती कोण देणार?

अनुज्ञा९३
आणि फक्त पैसे पाठवले असते तर मी आज हे लिहू शकले नसते. माझं जाणं त्या मुलांना महागात पडलं, पण मला कळलं. हे दोन्ही खरं आहे आणि त्याचं काय करायचं मला अजून समजलेलं नाही.

सुलभा_के
आठवड्याने येतेय. कंपनीला फोन केला. नैरोबीकरांनी सांगितलेले प्रश्न विचारले: मुलं कुणाची, नातेवाईक आहेत का, परवाना कोण काढणार. शिवाय माझा एक: येणाऱ्या स्वयंसेवकाची पोलीस पडताळणी होते का? आमच्या सोसायटीत धुणीभांडीवालीचीही करतात.

पलीकडची मुलगी गोड बोलत होती. म्हणाली, "मॅडम, मुलांबद्दल शंका असेल तर आमच्याकडे त्याच किमतीत समुद्री कासवांचा कार्यक्रम आहे."

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन हसत सुटले. सासूबाईंना वाटलं, पोरीचं लग्न ठरलं.

लेकीचा पासपोर्टचा अर्ज चालूच आहे, तो काही तिने मागे घेतलेला नाही. शनिवारी सांगलीला जाणार म्हणते. कृष्णाकाठ, तिने तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवलाय, बघाल का? "नुसती बघून येते" म्हणाली.

कृष्णाकाठ
बघितला. शनिवार नको, केंद्रावर सोमवारी गर्दी असते, सोमवारी ये म्हणावं. सकाळी साडेआठला, डबा घेऊन. आमच्या जुन्या मैत्रिणीला सांगून ठेवलंय, परवानगीचं बघते म्हणाली. पहिला दिवस रांगेतल्या बाकावर बसायचं, कुणाला काही विचारायचं नाही.

तीच_ती_मुलगी
चालेल. मोबाइल आणू का?

कृष्णाकाठ
आण, पिशवीत ठेव. फोटो नाहीत.

घाटी_इन_गोरेगाव
अवांतराबद्दल माफी. हसू नका, पण बायकोने ऑक्टोबरची मसाई माराची तिकिटं खरंच काढली. पिवळ्या तापाची लस लागते का?

नैरोबीकर
लागते. निघायच्या निदान दहा दिवस आधी घ्या आणि पिवळं कार्ड जपून ठेवा. जाताना कुणी विचारेल न विचारेल, परत येताना मुंबईला नक्की विचारतात. येताना आमच्याकडे उतरा, उगाली-ओमेना करतो. पेणकरांनाही आणा.

खडूस_पेणकर
मी ऑक्टोबरात पंढरपूरला असेन. विठोबा सोडून.